विश्लेषण : ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल कसे तपासायचे? कोकणच्या वाटेवर ते का महत्त्वाचे?

पळस्पे फाटा सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागले की काही किलोमीटरवर शिरढोण येते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. पनवेल तालुक्यातील हे गाव वाहनचालकांच्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात राहण्याजोगे आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या कोंडीतून रखडत आलेली गाडी इथवर पुरेशी तापलेली असते आणि पुढे लगेच कर्नाळा खिंडीची चढण सुरू होते. गणपती, शिमगा किंवा मे महिन्याच्या सुट्टीत हीच चढण पहिल्या गिअरमध्ये, थांबत-थांबत पार करावी लागते.

निघण्यापूर्वी बहुतेक जण टायरची हवा, इंजिन ऑइल, कुलंट आणि वायपरचे पाणी पाहतात. ऑटोमॅटिक गाडीत याशिवाय आणखी एक द्रव असतो, ज्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, अर्थात एटीएफ. हे तेल कमी झाले, जळले किंवा त्यात पाणी शिरले, तर आधी गिअर अडखळतात आणि मग गाडी उचल घेईनाशी होते. त्यानंतर होणारा दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. मात्र हे तेल तपासण्याची पद्धत इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. ती न समजता केलेली तपासणी अनेकदा चुकीचे उत्तर देते.

एटीएफ नेमके काय काम करते?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडण्या-तोडण्याचे काम क्लच करतो. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये ते टॉर्क कन्व्हर्टर करतो. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाने फिरणारा भाग तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोराने गिअरबॉक्सकडचा भाग फिरतो. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही कल्पना जहाजांसाठी विकसित केली. मोटारीत मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. तो १९३९ मध्ये जाहीर झाला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला.

एटीएफ एकाच वेळी पाच कामे करते. इंजिनाची ताकद पुढे पोहोचवणे, दाब निर्माण करून आतील क्लच पकडणे-सोडणे, दातेरी चाकांना वंगण देणे, उष्णता वाहून नेणे आणि क्लचच्या प्लेटना योग्य तेवढेच घर्षण मिळवून देणे. इंजिन ऑइलला यातील सगळी कामे करावी लागत नाहीत. म्हणूनच एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

बहुतेक एटीएफ लाल असते. हा त्याचा नैसर्गिक रंग नाही, मुद्दाम घातलेला आहे. गाडीखाली पडलेला डाग इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखता यावे हा त्याचा हेतू. काही सीव्हीटी आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे तेल मात्र हिरवे, निळे किंवा पिवळसर असू शकते.

आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे?

तपासणीआधी हा प्रश्न सोडवावा लागतो. कारण भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळी यंत्रे विकली जातात.

• एएमटी : हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून तो स्वस्त गाड्यांत रुळला. यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत साधे गिअर ऑइल असते. काही गाड्यांत क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेसाठी वेगळ्या तेलाची छोटी टाकी असते.

• टॉर्क कन्व्हर्टर : खऱ्या अर्थाने एटीएफ लागणारा पारंपरिक ऑटोमॅटिक.

• सीव्हीटी : यात ठरावीक गिअर नसतात. पट्टा किंवा साखळी आणि रुंदी बदलणाऱ्या पुली असतात. त्याला खास सीव्हीटी फ्लुइडच लागते.

• ड्युअल क्लच : एक क्लच सम गिअरसाठी, दुसरा विषम गिअरसाठी. हा कोरडा आणि ओला अशा दोन्ही प्रकारांत येतो आणि तेलही त्यानुसार बदलते.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. मारुती फ्राँक्सच्या १.२ लिटर इंजिनासोबत एएमटी मिळतो, तर १.० लिटर टर्बोसोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. ह्युंदाई क्रेटात साध्या पेट्रोलला सीव्हीटी प्रकारातील गिअरबॉक्स, टर्बो पेट्रोलला ड्युअल क्लच आणि डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, असे तीन प्रकार आहेत. त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या गाडीत घातलेले तेल आपल्या गाडीला चालेलच असे नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत तेलाचा नेमका प्रकार दिलेला असतो. पुस्तिका हरवली असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ती मोबाइलवर मिळते.

तेल कमी किंवा जास्त असले तर काय होते?

तेल कमी असले की गिअरबॉक्समधील पंप तेलासोबत हवाही ओढतो. तेलात बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, तेल दाबले जात नाही. त्यामुळे क्लच घट्ट पकडण्याइतका दाब तयार होत नाही. चालकाला हे असे जाणवते : लिव्हर डी वर टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून मग झटक्याने निघते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, वळणावर किंवा चढावर उचल जाते. ‘गाडी स्लिप होते’ असे मेकॅनिक म्हणतात ते हेच. घसरणाऱ्या प्लेटमुळे उष्णता वाढते, वाढलेल्या उष्णतेने तेल जळते आणि जळलेल्या तेलामुळे प्लेट आणखी घसरतात. हे चक्र एकदा सुरू झाले की नुसते तेल भरून थांबत नाही.

जास्त तेल भरणे हा त्यावरचा उपाय नाही. पातळी खूप वाढली की आत फिरणारे भाग तेल घुसळू लागतात. ताकासारखा फेस होतो आणि पुन्हा तीच हवेची अडचण उभी राहते. जादा तेल श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून बाहेर पडून तापलेल्या भागांवर सांडू शकते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंजिन ऑइल थोडेफार जळून कमी होते, एटीएफ तसे होत नाही. गिअरबॉक्स ही बंद यंत्रणा आहे. म्हणून पातळी कमी दिसली, तर कुठे तरी गळती आहे किंवा मागच्या वेळी तेल कमी भरले गेले आहे. खालच्या पॅनचे पॅकिंग, ॲक्सलची ऑइल सील आणि कूलरकडे जाणारे पाइप या नेहमीच्या जागा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर सकाळी डागाची जागा आणि रंग बरेच काही सांगतात. दर महिन्याला थोडे-थोडे तेल भरत राहणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे.

गरम असतानाच तपासायचे, असे का?

इंजिन ऑइल गाडी बंद करून, थोडे थांबून पाहतात. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये याच्या उलट करावे लागते. यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण प्रसरण. खनिज किंवा कृत्रिम तेल तापमान दर अंशाने वाढताना साधारण ०.०७ टक्के फुगते. समजा गिअरबॉक्समध्ये ७ लिटर तेल आहे आणि ते २० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसवर गेले. म्हणजे ६० अंशांची वाढ. हिशेब केला तर तेल सुमारे ३०० मिलिलिटरने वाढते. डिपस्टिकवरच्या कमाल-किमान खुणांमधले अंतरही अनेक गाड्यांत अशाच काही शे मिलिलिटरचे असते. म्हणजे थंड गाडीत ‘कमी’ दिसणारे तेल गरम झाल्यावर अगदी योग्य निघू शकते. थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरले, तर तासाभराच्या प्रवासानंतर ते जास्त झालेले असते.

दुसरे कारण पंप. इंजिन सुरू असताना टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि आतील वाहिन्या तेलाने भरलेल्या असतात. इंजिन बंद केले की त्यातील बरेच तेल खालच्या पॅनमध्ये उतरते आणि पातळी खोटी जास्त दिसते.

डिपस्टिक असेल तर कसे तपासायचे?

जुन्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत बोनेटखाली दोन डिपस्टिक असतात. एक इंजिन ऑइलची, दुसरी गिअरबॉक्सची. दोन्हींत गोंधळ होऊन चुकीच्या नळीत तेल ओतल्यास मोठे नुकसान होते. म्हणून पुस्तिकेतील चित्र आधी पाहावे. पुढील क्रम सर्वसाधारण आहे. पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल, तर तेच खरे मानावे.

१. गाडी १५ ते २० मिनिटे चालवून तेल कामाच्या तापमानाला आणावे. मात्र तासभर कोंडीत अडकून किंवा घाट चढून आल्यावर लगेच तपासू नये. तेल नेहमीपेक्षा जास्त तापलेले असते. अशा वेळी अर्धा तास थांबावे.

२. गाडी सपाट जागी उभी करावी. महामार्गाची कडा पाणी वाहून जाण्यासाठी उतरती असते, तेथे पातळी चुकते. शिवाय धावत्या वाहनांचा धोका असतो. सोसायटीचे पार्किंग किंवा हॉटेलचे फरसबंद आवार बरे.

३. हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा. इंजिन सुरू ठेवून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून लिव्हर पी पासून आर, एन, डी असा सर्व जागांवरून सावकाश न्यावा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबून पुन्हा पी वर आणावा. यामुळे सर्व वाहिन्यांत तेल पोहोचते.

४. इंजिन सुरूच ठेवून बोनेट उघडावे. पंखा आणि पट्टे फिरत असतात. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातील साखळी जवळ जाऊ देऊ नये.

५. डिपस्टिक बाहेर काढून धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने पुसावी. गॅरेजमधील सुती वेस्टचे तंतू आत गेल्यास बारीक वाहिन्या तुंबू शकतात. मग ती पूर्ण आत घालून पुन्हा काढावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली, तर कमी असलेली ग्राह्य धरावी.

६. ‘हॉट’ लिहिलेल्या दोन खुणांमध्ये तेल असेल, तर पातळी ठीक आहे. ‘कोल्ड’ची खूण फक्त ढोबळ अंदाजासाठी असते.

७. कमी असेल तर पुस्तिकेत दिलेलेच तेल, लांब नळीच्या नरसाळ्याने, एका वेळी १०० ते २०० मिलिलिटरच घालावे. थोडे थांबून पुन्हा मोजावे. घालणे सोपे असते, जादा झालेले काढणे कठीण.

याला अपवाद आहेत. होंडाच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन गरम करून, बंद केल्यानंतर मिनिटभरात पातळी पाहायची असते. काही गाड्यांत लिव्हर पी ऐवजी एन वर ठेवायला सांगितलेले असते.

डिपस्टिकच नसेल तर?

आजच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत ग्राहकासाठी एटीएफची डिपस्टिक नसते. याचा अर्थ तेल तपासता येत नाही असा नाही. ते घरी तपासण्यासारखे नसते, इतकेच.

अशा गिअरबॉक्सला खाली किंवा बाजूला पातळीचा बोल्ट असतो. गाडी चारही चाकांनी सारखी उचललेली हवी. फक्त पुढचा जॅक लावला, तर तेल मागे जाते आणि पातळी चुकते. स्कॅनर जोडून तेलाचे तापमान पाहिले जाते. ते कंपनीने ठरवलेल्या पट्ट्यात आले, की इंजिन सुरू असतानाच हा बोल्ट उघडतात. तेल बारीक धारेने येऊन थेंबांवर आले, तर पातळी बरोबर. जोरात वाहिले तर जास्त होते, ते तेवढे निघून जाऊ द्यायचे. काहीच आले नाही तर कमी आहे. हा तापमानाचा पट्टा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. काहींमध्ये तो ४० अंशांच्या आसपास, म्हणजे डिपस्टिकवाल्या गाड्यांपेक्षा बराच खाली असतो.

म्हणूनच मेकॅनिकने स्कॅनर न लावता, गाडी तिरकी असताना बोल्ट उघडून ‘तेल कमी आहे’ असे सांगितले, तर तापमान किती होते, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. बोल्टचा वॉशर नवा टाकला का, हेही विचारावे.

रंग आणि वास काय सांगतो?

पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून पाहावा.

• स्वच्छ लाल किंवा गुलाबीसर, पारदर्शक : तेल चांगले.

• तपकिरी : वापराने जुने झाले आहे. बदलण्याची वेळ कधी आहे, ते पाहावे.

• काळपट आणि करपलेला वास : आतील क्लच प्लेट जळत असण्याची शक्यता. गाडी लगेच दाखवावी.

• दुधाळ गुलाबी : तेलात पाणी किंवा कुलंट शिरले आहे. गाडी चालवू नये.

• चमकणारे धातूचे कण : फार बारीक करडी भुकटी झिजेमुळे असू शकते. बोटाला टोचणारे कण मात्र गंभीर आहेत.

दुधाळ रंगाची दोन मुख्य कारणे आहेत. अनेक गाड्यांत एटीएफ थंड करणारा कूलर रेडिएटरमध्येच बसवलेला असतो. तो आतून फुटला की कुलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. दुसरे कारण पूर. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. पाणी ब्रीदरपर्यंत चढले तर ते गिअरबॉक्समध्ये शिरते. पाण्याने क्लच प्लेटवरील अस्तराचा चिकटा सुटतो. बुडालेली ऑटोमॅटिक गाडी ‘सुरू होते का बघू’ म्हणून चालू करणे, हे त्यामुळेच महागात पडते. आधी सर्व तेले तपासावीत, मगच चावी फिरवावी.

‘लाइफटाइम ऑइल’ खरेच आयुष्यभर टिकते का?

काही कंपन्या एटीएफ बदलण्याची गरज नसल्याचे सांगतात. पण त्याच पुस्तिकांत अनेकदा ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना असतो. सततची कोंडी, डोंगराळ रस्ते, जास्त वजन, ट्रेलर ओढणे, खूप उष्ण हवामान हे त्यात मोडते. रोज शीव-पनवेल मार्गावर रखडणारी आणि वर्षातून चार वेळा सामानासह कोकणात जाणारी गाडी या व्याख्येत सहज बसते. तेलाचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा अभियांत्रिकीतील ढोबळ नियम आहे. तेल किती किलोमीटरला बदलायचे, हे गाडीनुसार ठरते. मात्र पाहायचा रकाना ‘सामान्य’ नसून ‘कठीण वापर’ हा असावा.

तेल बदलताना पॅनमधील बोल्ट उघडला, तर सगळे तेल बाहेर येत नाही. बराच वाटा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. त्यामुळे ‘७ लिटरच्या गाडीत ४ लिटरच कसे लागले’, या शंकेत तथ्य असेलच असे नाही. यंत्राने दाब देऊन पूर्ण फ्लशिंग करावे का, हे कंपनीच्या सूचनेनुसारच ठरवावे.

घाटात आणि कोंडीत काय काळजी घ्यावी?

चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या जोरावर जागीच तोलून धरू नये. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये त्याने तेल तापते, एएमटी आणि ड्युअल क्लचमध्ये क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबावे. पुढच्या गाडीशी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदाच पुढे जावे. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल टाकू नये. एल, २ किंवा मॅन्युअल मोडवर इंजिनाचा ब्रेक वापरावा. तापमानाचा इशारा दिसला, तर सुरक्षित जागी थांबून लिव्हर पी वर ठेवावा आणि पुस्तिकेत दिल्याप्रमाणे गाडी थंड होऊ द्यावी.

गाडी बंदच पडली, तर दोरी बांधून ओढून नेणे टाळावे. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरली, तर आतील भाग कोरडेच घासले जातात. गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी. ते शक्य नसेल तर इंजिनाने फिरणारी चाके तरी जमिनीपासून उचललेली हवीत. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

सध्या अनेक कुटुंबांची पहिली ऑटोमॅटिक ही सेकंडहँड असते. चाचणीसाठी गाडी थंड असतानाच मागावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सुरुवातीचे झटके लपतात. ब्रेक दाबून पी मधून आर आणि डी मध्ये टाकल्यावर किती वेळाने गाडी पकड घेते, ते पाहावे. मग चढावर चालवावी. शिरढोणच्या आसपास राहणाऱ्यांना त्यासाठी कर्नाळ्याची चढण हाताशी आहे. सर्व्हिसच्या बिलांत एटीएफ बदलल्याची नोंद आणि तेलाचे नाव शोधावे. नोंद नसेल, तर व्यवहार पक्का करण्यापूर्वी लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणी पातळी आणि रंग तपासून घ्यावा. त्या तपासणीचा खर्च गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ असतो.